कुंची, दुपटं आणि आयर्विनचे फूट : विणकामाच्या नोंदी, 2019

28 जुलै, रविवार

काम: लेकीच्या बाळासाठी कुंची आणि दुपटं. डॉक्टरांनी तारीख ऑक्टोबरअखेरची दिलीय, म्हणजे ऐन दिवाळीत.

लोकर: 50 ग्रॅमचे सात गुंडे, हळदीचा रंग. म्हणायचं लोकर, आहे अ‍ॅक्रिलिक. बाळाच्या कपड्याला तेच बरं, रोज धुतलं तरी आटत नाही. इथे सांगलीतच, मारुती रोडवरच्या नेहमीच्या दुकानातून घेतली. कागदी पट्टीवरचे लॉट नंबर एकेक करून जुळवले, तेवढ्यात दुकानदाराचा चहा पिऊन झाला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळे पिवळे सारखेच, दोन लॉटमधला फरक गच्चीवर उन्हात धरला की कळतो.

सुया: नऊ नंबर, करड्या, चौदा इंची. नमुना तुकडा विणला, इंचाला साडेपाच टाके बसले.

वीण: दुपट्याला पानांची जाळी. आठ ओळींची नक्षी, चार ओळी झाल्याशिवाय पान दिसत नाही.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, एक अट आहे. बाळ यायच्या आधी त्याला नवं कापड करायचं नाही. बरीच घासाघीस झाल्यावर तोडगा निघाला: विणायला हरकत नाही, पण शेवटची ओळ बंद करायची नाही. टाके उघडे आहेत तोवर ते कापड नाही, नुसती लोकर आहे. वय वर्षं 83, आणि वकिली कुठेही शिकलेल्या नाहीत.

3 ऑगस्ट, शनिवार

जाळी छान उठतेय. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गावभागात सकाळी भेटला की माणूस "कसं काय" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा पूल आमचा, त्याच्या खांबावरचे पाण्याचे फूट म्हणजे गावाचा थर्मामीटर. 40 ला इशारा, 45 ला धोका. ह्यांच्या मोबाइलवर दर तासाला आकडा येतो आणि ते तो मोठ्याने वाचतात. मी ओळी मोजत असते, मध्येच "अमुक फूट" ऐकलं की माझा आकडा हुकतो. आता ओळींची नोंद वहीत खडूच्या रेघांनी, तोंडी मोजणं बंद.

5 ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी

टीव्हीवर सकाळपासून काश्मीर. आमच्या आळीत मात्र सगळे भिंतीकडे बघतायत. जिन्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण आहे, ह्यांनी तेव्हा खिळ्याने ओढलेली रेघ. आयर्विनला त्या वर्षी 54 च्या आत थांबलं होतं. आळीतल्या प्रत्येक घरात अशी रेघ आहे आणि सगळ्यांनी सामान त्या रेघेच्या वर एक फूट असं लावलं. तांदळाची कोठी, गादी, शिलाई मशीन, देव, सगळं चढलं. गॅसची टाकी वरच्या मजल्यावर. दिवाणाच्या पोटातली आईंची जुन्या लोकरीची पिशवी तेवढी राहिली. ती निघायला दिवाण रिकामा करावा लागतो आणि तोवर सगळ्यांच्या कंबरा गेल्या होत्या.

कोयना भरत आली, दारं उचलली, हे सगळ्यांना माहीत. कराडला कोयना कृष्णेत येते आणि तिथून पाणी इथवर यायला दिवसभर तरी लागतो. त्यामुळे आज तिकडे काय सोडलं ते उद्या आमच्या दारात. शिवाय आमच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते, आणखी पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही एकदम फुगल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागाच उरत नाही. ती मग शेरीनाल्यातून उलटी गावात शिरते. आळीतली मंडळी खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडत होती. मी फक्त सात ओळी विणल्या.

6 ऑगस्ट, मंगळवार

दुपारी गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. आवाज नाही, लाट नाही, फक्त फरशी ओली दिसते आणि थोड्या वेळाने फरशी दिसत नाही. संध्याकाळी वीज बंद केली. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, शेजारच्या वहिनी आणि त्यांची दोन मुलं.

जाळीची वीण उसवली. सगळी. मेणबत्तीच्या उजेडात सुईवर घेतलेला वेढा आणि टाका एकसारखा दिसतो, आणि बोटांनाही त्यांतला फरक लागत नाही. पान चुकलं तर ते चार ओळींनंतर, म्हणजे मध्यरात्री कळणार. असल्या रात्री जी वीण बघावी लागते ती कामाची नाही.

नवीन बेत: कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. तीन टाक्यांनी सुरुवात. प्रत्येक ओळ सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा, संपलं. जाणारी ओळ सुलट, येणारीही सुलट, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या आणि कडा गुंडाळत नाहीत. डोळे मिटून होते. दोन ओळींची मिळून एक आडवी सरी उठते, ती अंगठ्याने मोजता येते, उसाच्या सऱ्या बांधावरून मोजाव्या तशी. ह्या पद्धतीचा खरा फायदा पुढेच: मापाला आधीपासून बांधून घ्यावं लागत नाही. निम्मी लोकर संपेपर्यंत वाढवत जायचं, मग उरलेल्या निम्म्यात घटवत यायचं. लोकर जेवढी तेवढा चौकोन. मारुती रोड पाण्यात गेल्याचं संध्याकाळीच कळलं होतं, म्हणजे आठवा गुंडा मिळणार नाही.

7 ऑगस्ट, बुधवार

वहिनींची धाकटी, वय सहा, तिला गुंडा धरायचं काम दिलं. जिन्यात बसून ती पायऱ्या मोजते. सकाळी आठ पायऱ्या दिसत होत्या, जेवणाला सहा. रेघ असलेली पायरी गेली तेव्हा हे काहीच बोलले नाहीत. फोन बंद करून ठेवला, बॅटरी वाचवायला.

नळाला पाणी नाही. खाली छातीभर पाणी आणि वर प्यायला एक कळशी. विणकामाला ना पाणी लागत, ना गॅस, ना लाइट. हात धुऊन घ्यावे लागतात तेवढंच, तर ते मी फडक्याने पुसत होते. आईंनी एक सुई मागितली, दुसरी मागितली आणि दहा नंबरवर वहिनींच्या मोठ्याला टाके घालायला शिकवायला बसल्या. पोरगा नववीतला, आधी लाजला. रात्री अकराला "आजी, एक टाका पडला" म्हणून हाक मारत होता.

8 ऑगस्ट, गुरुवार

निघालो. आईंची इच्छा नव्हती, पण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या.

होडीत बसायच्या आधीची तयारी लिहून ठेवते, कारण कुणाला कधी उपयोग होईल सांगता येत नाही. सुईवर तेव्हा शंभराच्या वर टाके होते. ते तसेच पिशवीत टाकले असते तर निम्मे वाटेत निसटले असते. गोधडीच्या जाड सुईत पांढरा दोरा ओवला आणि एकेक टाका त्या दोऱ्यावर उतरवून घेतला, दोन्ही टोकांना गाठ मारून मोठा फास केला. दोरा दुसऱ्याच रंगाचा हवा, नाहीतर परत सुईवर घेताना दोरा कुठला आणि टाका कुठला ते समजत नाही. काम दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, उरलेले गुंडे तिसरीत. मोकळ्या सुयांच्या चारी टोकांना मुलांच्या दप्तरातले खोडरबर खोचले आणि सुया टॉवेलात गुंडाळल्या. होडी रबराची होती! वर घ्यायला आलेल्या जवानाने टॉवेल चाचपला, खोडरबर बघितले आणि हसून पिशवी स्वतःच्या हातात धरली. त्याच्याबरोबर आपल्याकडचा एक पोरगा होता, तो म्हणाला, "काकू, मधी बसा, काठाला टेकू नका. आज्जी, पाय आत घ्या." दुकानांच्या पाट्या हाताला लागत होत्या. टिळक चौक मी पहिल्यांदा वरून बघितला.

विश्रामबागला वन्संच्या फ्लॅटवर पोचलो. तिथे कोरडे रस्ते, लाइट, आणि लोक भाजी घेतायत. डोक्याला ते पटायला वेळ लागला.

संध्याकाळी ब्रह्मनाळची बातमी आली. तिथे माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. आज पुढे विणलं नाही.

9 ऑगस्ट, शुक्रवार

57 फुटांच्या वर गेलं. 2005 केव्हाच मागे पडलं.

टाके दोऱ्यावरून परत सुईवर घेतले, एकही गेला नाही. वीस सऱ्या.

10 ऑगस्ट, शनिवार

पाणी उतरतंय म्हणे, पण इंचाइंचाने. ह्या घराला फुटांची सवय, इंचाने कुणाचं समाधान होत नाही.

दुपट्याला टेप लावली. मंगळवार रात्रीपर्यंतचा भाग: इंचाला साडेपाच. बुधवार, गुरुवारचा भाग: सव्वासहा. सुई तीच, लोकर तीच. हात आवळून चालले की टाका लहान पडतो हे प्रत्येक विणणारीला माहीत असतं, पण इतका फरक मी आजवर मापला नव्हता. कापडात तिरपा पट्टा स्पष्ट जाणवतो, दिसण्यापेक्षा हाताला जास्त. उसवून पुन्हा विणायचा विचार आला आणि गेला. बाळाला काय फरक पडतो?

11 ऑगस्ट, रविवार

वन्संच्या ओट्यावरच्या वजनकाट्यावर लोकर तोलली. दुपट्यासाठी पाच गुंडे, म्हणजे 250 ग्रॅम धरले होते, 125 संपले. इथून वळण. सुईवर दोनशेच्या वर टाके, दाटीवाटीने. आता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र. ओळ रोज लहान होत जाते, म्हणून हा भाग मला आवडतो.

दूध मिळालं नाही. पेट्रोल पंपावर रांग.

13 ऑगस्ट, मंगळवार

वन्सं जवळच्या शाळेतल्या छावणीत पोळ्या लाटायला जातात, आज मी गेले. बायकांना काय हवं होतं ते आधी लिहिते: कोरडं अंथरूण, अंतर्वस्त्रं, पॅड, मोबाइल चार्ज करायला जागा. विणकाम कुणीही मागितलं नव्हतं. पूरग्रस्तांना छंद शिकवायला निघालेल्या बाईचा फोटो आला की मला आता राग येईल, म्हणून मी पिशवी बाहेर काढलीच नव्हती. सांगलवाडीच्या एका मावशींनी ती पिशवीबाहेर आलेली सुई बघितली आणि म्हणाल्या, "क्रोशाची हाय का? माझी घरात ऱ्हायली." नव्हती. वन्संच्या शेजारणीकडून आणून दिली.

मग लोकरीचा प्रश्न. वर्गाच्या कोपऱ्यात बाहेरगावाहून आलेल्या कपड्यांचा ढीग होता. लोकांनी काय काय पाठवलंय! फाटक्या जीन्स, एक शेरवानी, आणि ऑगस्टात स्वेटर. मावशींनी आणि मी स्वेटर वेगळे काढले. शिवण बघायची: आतल्या बाजूला कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर तो स्वेटर सोडून द्यायचा, उसवला की हातहातभर तुकडे मिळतात. कडेला साखळीसारखा टाका सलग असेल तर तो आकारात विणलेला, त्याची लोकर अखंड निघते. सहातले दोन चांगले निघाले. उसवलेली लोकर नूडल्ससारखी वळलेली असते, ती तशीच विणायची नाही, ओली करून टांगायची. मावशी थांबायला तयार नव्हत्या. "घर वाळायचंय, लोकर कवा वाळवू," म्हणाल्या आणि कुरळ्या लोकरीवरच साखळी घालायला लागल्या.

15 ऑगस्ट, गुरुवार

स्वातंत्र्यदिन आणि राखी एकाच दिवशी. बाजार बंद, म्हणून वन्संनी ह्यांना पिवळ्या लोकरीचीच राखी बांधली. तीन ग्रॅम गेले, नोंद केली.

लेकीचं डोहाळजेवण ह्या आठवड्यात आमच्याकडे व्हायचं होतं. तिच्या सासरी पुण्यालाच उरकलं, आम्ही व्हिडिओवर ओटी बघितली. बाळंतपणही आता तिकडेच.

18 ऑगस्ट, रविवार. घर

गाळ. दाराला टेकून फ्रिज आडवा पडलेला, त्याच्या आतही गाळ. वास लिहिता येत नाही. आळीभर गाद्या, पुस्तकं, दिवाणांच्या फळ्या रस्त्यावर. फावड्याने ओढायचं, टँकरच्या पाण्याने ढकलायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची.

दिवाणातली पिशवी निघाली. आईंच्या चाळीसेक वर्षांच्या उरल्यासुरल्या लोकरी, तीस-बत्तीस गुंडे, सगळे काळ्या मातीचे गोळे. हे म्हणाले टाकून दे. आई काही बोलल्या नाहीत, पिशवी धरून बसल्या.

20 ऑगस्ट, मंगळवार

गुंडा तसाच बादलीत बुडवून उपयोग नाही हे पहिल्याच गुंड्याला दिसलं. वरून पिवळा झाला, पिळला की मधून काळं पाणी. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, पाण्याबरोबर पार गाभ्यापर्यंत जातो आणि वरचे वेढे मग गाळणीचं काम करतात, आतलं बाहेर येऊ देत नाहीत. म्हणून गुंडा उलगडायचाच.

खुर्ची उलटी ठेवली. आई स्टुलावर बसून गुंडा फिरवतात, मी लोकर खुर्चीच्या दोन पायांभोवती गुंडाळत जाते. वाळलेली माती पापडीसारखी मांडीवर पडते. लडी झाली की चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची, आठाच्या आकड्यात, लडीचे दोन भाग करून मधून दोरा न्यायचा. घट्ट बांधली तर तेवढ्या जागी मळ राहतो आणि न बांधता धुतली तर त्या गुंत्यातून ती पुन्हा निघत नाही. मग साधं पाणी, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं, चौथ्याला हात दिसायला लागला. शेवटी रिठ्याचं पाणी आणि सावलीत काठीवर.

अ‍ॅक्रिलिकच्या सगळ्या लडी वाचल्या. खऱ्या लोकरीच्या चार होत्या, त्यांची मला काळजी होती, पण नुसत्या भिजण्याने तिला काही होत नाही. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ती घट्ट गोळा होऊन बसते. पुरात तिला ह्यांतलं काही मिळालं नव्हतं. एका लाल लडीचा रंग मात्र पांढऱ्यात उतरला. आई म्हणाल्या, गुलाबी आपल्याकडे नव्हतीच.

पंचनाम्याला माणसं आली. कपडे, भांडी, धान्य असं लिहून घेत होते. आई जिन्यातून म्हणाल्या, "लोकर लिहा." त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. शेवटी कपड्यांत धरली.

26 ऑगस्ट, सोमवार

मारुती रोड. दुकानदार फुटपाथवर भिजलेली लोकर किलोवर विकत होता, शटरवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. त्याला लडी करून धुवायची रीत सांगितली. "एवढ्या खुर्च्या कुठनं आणू, काकू?" म्हणाला. दोन किलो घेतली. ह्यांनी घरी काही विचारलं नाही.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती कसेबसे बसले. कोयनेतून पुन्हा पाणी सोडलंय, आळीत पुन्हा आयर्विनचे आकडे. अर्ध्या घरांनी सामान खाली आणलंच नव्हतं, ते शहाणे ठरले.

कुंची सुरू. डोक्याचा भाग म्हणजे साधा आयत, चौदा इंच बाय सात, मध्ये दुमडून मागची बाजू शिवायची. मग गळ्याच्या कडेने टाके उचलून पाठीवर पडणारा पदर खाली विणत जायचं. गळ्यात वेणी ओवायला एक ओळ जाळीची. आता लाइट आहेत.

13 ऑक्टोबर, रविवार

दोन्ही कामं शेवटच्या ओळीपर्यंत आली. दुपट्यावर तीन टाके, कुंचीच्या पदरावर 84. दोन्ही दोऱ्यावर उतरवून ठेवली. तो आवळलेला पट्टा आहे तसा आहे. लेक फोनवर म्हणाली, इस्त्री फिरव, सैल पडेल. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते कायमचं लुळं पडतं, चमकायला लागतं आणि पुन्हा उभं राहत नाही. तिला हे माहीत नाही कारण तिने कधी शिकून घेतलं नाही.

3 नोव्हेंबर, रविवार. पुणे

मुलगा. साडेतीन किलोच्या जरा आत. दोघंही छान.

दुपट्याचे तीन टाके मी बंद करणार होते. आईंनी सुई काढून घेतली. मग कुंचीचे 84 सुद्धा त्यांनीच बंद केले, डोळ्यांना नीट दिसत नसताना, आणि कड इतकी घट्ट ओढली की पदर थोडा आत वळतो. मी काही बोलले नाही. त्या मात्र बोलल्या: "गोंडा लावला नाहीस कुंचीला."

गोंडा लावला.

दुपटं पहिल्या तासातच ओलं. गॅलरीत दोरीवर टाकलं, दुपारपर्यंत वाळलं. शिल्लक लोकर 41 ग्रॅम, मोजे होतील. आईंच्या गुलाबी लडीला अजून काम ठरलेलं नाही.